जुन्या पिनेचा ड्रोन

हे रेल्वेतून निवृत्त झाले त्या संध्याकाळी गळ्यातले झेंडूचे हार त्यांनी खुंटीला अडकवले, खुर्चीत टेकले आणि मला म्हणाले, "मला ड्रोन घ्यायचाय."

"लग्नात डोक्यावर भुणभुणतो तो?"

"तोच."

मी पाणी आणायला आत गेले. दिवसभराच्या सत्काराने डोकं हललंय, सकाळपर्यंत विसरतील, असं वाटलं. सकाळी विसरले नाहीत.

ह्यांचा उभा जन्म मालगाड्या चालवण्यात गेला. लोकांना वाटतं, इंजिनात बसणाऱ्याला सगळा मुलूख बघायला मिळतो. हे म्हणायचे, "मुलूख डब्यातले लोक बघतात. मी दोन रूळ आणि पुढचा सिग्नल बघतो." झाशीहून कानपूरकडे जाताना एरच रोड नावाचं एक लहानसं स्टेशन लागतं. एरच गाव तिथून बरंच आत, बेतवा नदीच्या काठी. ती पिवळी पाटी ह्यांनी किती वेळा ओलांडली असेल त्याला गणती नाही, पण एरच काही पाहिलं नव्हतं. "पाटीच्या मागे काय आहे ते एकदा बघायचंय," असं जेवताना कधीमधी म्हणत. ड्रोनचं वेड त्यातूनच निघालं असणार.

आम्ही मूळचे भुसावळकडचे. नोकरीने झाशीला आणलं आणि तिथल्या नगरा वस्तीत, रेल्वेच्या शेजारी ठेवून घेतलं. मुलगा इथेच वाढला. मराठी त्याला सगळी कळते, पण तोंडातून हिंदीच निघते, आणि आता गंमत बघा, नोकरी करतो पुण्यात. ड्रोनचं ऐकून त्याने फोनवर नवे नवे ड्रोन सुचवले. ह्यांना नवा नको होता. "मला इंजिन कधी नवं मिळालं होतं का? दुसऱ्याने चालवलेलं असलं की त्याच्या खोडी आधीच कळतात."

ओळखीतून कळलं की जवळच्या बबीन्याच्या छावणीत एक फौजी आपला ड्रोन विकतोय. गेलो तर कुटुंब साताऱ्याकडचं निघालं. बदलीचा हुकूम आलेला, घरात सगळीकडे बांधलेल्या ट्रंका. तरी त्या बाईने आमच्यासाठी पोहे केले, वर खोबरं भुरभुरलं. मी मराठीत बोलते म्हटल्यावर ती ट्रंकेवरच बसली आणि तासभर उठली नाही. इकडे कोथिंबीर कशी मिळते इथपासून सासूच्या दम्यापर्यंत सगळं सांगून झालं. तिकडे तिचा नवरा ह्यांना यंत्र दाखवत होता. तो फक्त सुट्टीत, गावी गेल्यावर उडवायचा. हातभर अंतरावरून मला ते पंख मिटून बसलेल्या टोळासारखं दिसलं.

"चार्जिंगची पिन ढिली आहे काका," तो म्हणाला. "आणि जुनी आहे, बारीकवाली. आताच्या मोबाईलची वायर चालत नाही."

"आणि कार्ड?"

उत्तर बायकोने दिलं. "कार्ड आम्ही काढून ठेवलंय काका. आमच्या लेकीचं पहिलं चालणं आहे त्यात. अंगणात."

ह्यांनी लगेच हात जोडले. "ते तुमचंच. ते कसं मागू?"

येताना तिने ड्रोन मुलीच्या जुन्या झबल्यात गुंडाळून दिला. पुन्हा कधी त्यांची गाठ पडली नाही.

मग घरात पिनांचं राज्य सुरू झालं. आमच्याकडच्या सगळ्या वायरी नव्या पद्धतीच्या, गोल तोंडाच्या. ड्रोनच्या बॅटरीला आणि रिमोटला लागायची ती एका बाजूने चपटी, जुनी. हे कपाटं उपसत बसले. शेवटी माझ्या जुन्या, बंद पडलेल्या मोबाईलची वायर सापडली तेव्हा केवढा आनंद! पण भोक ढिलं. वायर सरळ लावली की दिवा लागायचा नाही. थोडी वर उचलून धरली की लागायचा. दोन दिवस हे तशी वायर हाताने धरून बसले. तिसऱ्या दिवशी मी काडेपेटीच्या पुठ्ठ्याची घडी करून वायरीखाली सरकवली. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सिग्नल पाडून गाडी सोडली.

"आणि हे बघ," ते म्हणाले, "बॅटरी कधी पूर्ण रिकामी ठेवायची नाही. रिकामी पडून राहिली की मरते."

कार्ड त्यांनी खंडेराव गेटजवळच्या एका दुकानातून आणलं. नखाएवढं. ते आत बसवताना चष्मा लावून, श्वास रोखून बसवलं. कुठे उडवायचं हा प्रश्न उरला. नगऱ्यात रेल्वे, पलीकडे छावणी. मुलाने फोनवरून बजावलं, "मम्मी, पापा को बोलो शहर में बिल्कुल नहीं।" मग त्यानेच नकाशा पाहून सांगितलं की एरचकडे नदीवर हरकत नाही. ह्यांना हेच हवं होतं.

थंडी सुरू झाली होती. सकाळच्या पॅसेंजरने आम्ही एरच रोडला उतरलो. ह्यांनी पाटीला हात लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पायाने तिथे उभे होते. टेम्पोने गावात, तिथून चालत नदीवर. वाळू पसरलेली, पाणी एका कडेने निवांत चाललेलं. वाळूत ड्रोन ठेवला तर पंख्यात कण जातील, म्हणून हे तो तळहातावर धरून उडवायचे आणि खाली आणताना हातानेच धरायचे. इंजिन सुरू करताना म्हणायची सवय होती तेच म्हणाले, "चल राजा." तो वर गेला. मी मान वर करून बघत राहिले. हे खाली, रिमोटला लावलेल्या मोबाईलकडे बघत होते.

"अगं, चाल ना! उभी काय राहिलीस? नदीकडे चाल!"

मी पदर खोचला, चपला हातात घेतल्या आणि चालायला लागले. वाळू गार होती. माझ्या डोक्यावर कुठेतरी ती भुणभुण, आणि मागून ह्यांचं ओरडणं, "डावीकडे... हां... आता हात हलव!" साठीला आलेली बाई मी, नदीकाठी आभाळाला हात हलवत होते आणि हसू आवरत नव्हतं.

घरी येऊन बघतो तर कार्डात काहीच उघडेना. नुसत्या काळ्या चौकटी. कार्ड बनावट निघालं. हे रागावले नाहीत. कार्ड चिमटीत धरून म्हणाले, "बिघाड झाला तर लाल दिवा तरी दाखवायचा. हा हिरवा दाखवत राहिला." दुकानदाराने दुसरं कार्ड दिलं, तो बिचारा दहा वेळा माफी मागत होता. पण ती पहिली सकाळ गेली ती गेलीच. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चालणं तेच होतं असं मला अजून वाटतं. ते ह्यांच्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही.

पुढे आम्ही थंडीभर जात राहिलो. आठवड्याच्या शेवटी पुठ्ठ्याची घडी, लागलेला दिवा, सकाळची पॅसेंजर. मी दशम्या आणि ठेचा बांधून घ्यायची. हे उडवायचे, मी चालायची. कधी पुलाकडे, कधी पाण्याच्या कडेने. पडद्यावर काय दिसतंय ते मी तिथे कधी बघितलं नाही, कारण मी कायम पडद्याच्या आत. घरी आल्यावर तुकडे दाखवायचे, पण तेव्हा मी कुकर लावत असायची. एकदा ड्रोन धरताना पंखा लागून अंगठा कापला. मी हळद दाबली, पट्टी बांधली. पुढच्या खेपेला पट्टीसकट पुन्हा धरला.

होळीनंतर माझा गुडघा सुजला. "तुम्ही जाऊन या," मी म्हटलं. "एकटा?" "मग काय, गाडी एकट्यानेच चालवायचात ना?" गेले. संध्याकाळी परत आले ते पिशवीभर काकड्या घेऊन. बेतवेच्या वाळूत लोक वाड्या लावतात, तिथल्या. मी विचारलं, "काय काय काढलंत आज?"

"विशेष काही नाही."

मीही पुढे विचारलं नाही. काकड्या चोचवल्या, दाण्याचं कूट घातलं, जेवलो.

त्या उन्हाळ्यात हे गेले. दुपारी कूलरसमोर पडले होते, छातीत दुखतंय म्हणाले, रिक्षा दारात येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. मुलगा आला, महिनाभर राहिला, पुण्याला चल म्हणाला. मी नंतर येते म्हटलं. नंतर म्हणजे कधी, ते मलाच ठाऊक नव्हतं.

माणूस गेल्यावर घरात कामं उरत नाहीत. एकटीचा स्वयंपाक तो काय! अशाच एका दुपारी कपाट उघडलं आणि झबल्यात गुंडाळलेला ड्रोन दिसला. रिकामी पडून राहिली की मरते, हे आठवलं. मी वायर काढली, पुठ्ठ्याची घडी केली, खाली सरकवली. दिवा लागला. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले, चार्जिंग पूर्ण होईपर्यंत. तेव्हापासून नेम झाला. उडवता मला येत नव्हतं, उडवायचंही नव्हतं. फक्त मरू द्यायचं नव्हतं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. शेजारीण विचारायची, "दीदी, किसके लिए चार्ज करती हो?" मी म्हणायची, "पडा-पडा खराब हो जाएगा।" उत्तर खरंच होतं.

संक्रांतीच्या सुमाराला एकदा दिवा लागेना. पुठ्ठ्याची दुहेरी घडी केली, तिहेरी केली. वायर वर धरली, खाली धरली, हात भरून आला. मग माझा जो बांध फुटला तो ह्यांच्या तेराव्यालाही फुटला नव्हता. रडून झाल्यावर तोंड धुतलं, ड्रोन पिशवीत घातला आणि खंडेराव गेटला गेले.

त्याच दुकानात दुरुस्तीचं टेबल होतं. दुकानदाराने मला ओळखलं नाही, ड्रोन ओळखला. "बाबूजी नहीं आए?" मी सांगितलं. त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. पिन पार निखळली होती. जुनी, मिळायला अवघड, पण तो म्हणाला, ठेवून जा आंटीजी, बसवून देतो. आठवड्याने गेले तर नवं भोक घट्ट बसवलेलं. वायर सरळ लावली तरी दिवा लागत होता. पुठ्ठ्याची गरज उरली नव्हती. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"इसमें कार्ड भी लगा है," तो म्हणाला. "चलाके दिखाऊँ?"

"नहीं भैया," मी म्हटलं. "घर पे।"

खरं तर धीर नव्हता. मुलगा होळीला आला तेव्हा त्याच्या हातात ठेवलं. त्याने नखाने कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं. आम्ही दोघं पलंगावर शेजारी शेजारी बसलो.

पहिल्या तुकड्यात मी. वरून दिसणारी, बोटाएवढी, जांभळ्या लुगड्यातली. दुसऱ्यात मी. तिसऱ्यात मी, पाण्याच्या कडेने. मी हात हलवतेय, मी हसतेय. आवाज नाही.

"आवाज लाव ना."

"इसमें आवाज नहीं होती मम्मी. ड्रोन में माइक ही नहीं होता। पंखे का शोर इतना होता है…"

म्हणजे "डावीकडे, आता हात हलव" कुठेच राहिलं नव्हतं. आणि हेही कुठे नव्हते. काढणारा माणूस चित्रात नसतोच, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी म्हटलं, "बंद कर."

"रुको," तो म्हणाला. तुकडा शेवटाला आला होता. वाळू जवळ येत गेली, पाऊलखुणा मोठ्या झाल्या, आणि खालून एक तळहात वर आला. उघडा, बोटं पसरलेला, वाट बघणारा. मग सगळं काळं.

त्याने मागे नेऊन दुसऱ्या तुकड्याचा शेवट लावला. तळहात. पहिल्याचा शेवट. तळहात. एकात अंगठ्याला मी बांधलेली पट्टी, गाठ जरा सुटलेली. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता ते हात बघत राहिलो.

शेवटचा तुकडा एकट्याने गेलेल्या दिवसाचा. ड्रोन वर जातो, थोडं पलीकडे जातो, आणि वळतो. रिकाम्या वाळूत एक माणूस उभा आहे, खाकी टोपी, हातात रिमोट. माझ्या जागी चालायला कुणी नव्हतं, तर त्यांनी स्वतःलाच काढलं होतं. सगळेच्या सगळे हे, सावलीसकट. पण मान खाली. पडद्यात बघतायत. ड्रोन त्यांच्याभोवती हळूहळू फेरी घालतो आणि हे मान वर करत नाहीत. "बघा ना वर," मी मोठ्याने म्हणाले. मुलाने माझा हात धरला.

अगदी शेवटी, ड्रोन खाली येताना, त्यांनी वर पाहिलं. चष्म्यावर ऊन चमकलं. ओठ हलले. काहीतरी म्हणाले. मग तळहात.

आम्ही ते किती वेळा बघितलं, काय सांगू? मुलगा म्हणाला, "'चल राजा' बोल रहे हैं।" मला ओठ तसे वाटले नाहीत. पण दुसरं काय असेल तेही कळेना.

दोन दिवसांनी आम्ही एरचला गेलो. होळीची गर्दी ओसरली होती. मुलाने ड्रोन तळहातावरून वर सोडला आणि रिमोट माझ्या हातात दिला. "कुछ मत दबाना, सिर्फ देखो।" मग तो माझ्यासारखाच नदीकडे चालत गेला. बॅटरी आता थोडाच वेळ टिकत होती. मी पडद्यात पाहिलं. निळी पट्टी नदीची, पांढरी वाळू, आणि त्यात आपलं एक माणूस, इतकं लहान की त्याला हाक मारावीशी वाटावी. हे मला सारखे का ओरडत होते ते तेव्हा समजलं. एवढ्या उंचीवरून माणूस फार एकटं दिसतं. त्याला डावीकडे, उजवीकडे काहीतरी सांगत राहावंसं वाटतं.

मी ओरडले, "अरे, हात हलव!"

ड्रोन उतरवून आम्ही वाळूत बसलो होतो, तेवढ्यात पलीकडच्या काकडीच्या वाडीतून एक बाई आली. माझ्याच वयाची, डोक्यावर पदर, हाताला माती. तिने ड्रोनकडे बघितलं, मग मुलाकडे, मग मला विचारलं, "बे टोपी वारे बाबूजी नईं आए?"

मी सांगितलं. ती एकदम खाली बसली. बराच वेळ वाळूवर बोटाने रेघा काढत राहिली. मग म्हणाली, गेल्या साली ते एकटे आले होते. त्यांनी आम्हाला आमची वाडी वरून दाखवली. आमच्या म्हाताऱ्यालाही दाखवली, त्याला खरंच वाटेना. मग आमच्यातच बसून भाकरी खाल्ली.

मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. "और क्या बोले?"

"कहत हते, आज अकेले मन नईं लग रओ." ती हसली. "हमने कही, तो घरवारी खों ले आते. बोले, ऊको घुटना पिरात है. फिर जल्दी उठ गए, के गाड़ी पकरने है."

आज एकट्याला करमत नाही. गुडघा दुखतोय तिचा. संध्याकाळी पिशवी ओट्यावर ठेवताना मला म्हणाले होते, विशेष काही नाही.

मुलगा लांब पाण्याकडे बघत होता. त्याला इथली बुंदेली बोली माझ्यापेक्षा जास्त कळते. थोड्या वेळाने तो उठून वाडीकडे गेला, त्या बाईच्या म्हाताऱ्याशी बोलत उभा राहिला. बाई माझ्याजवळच बसून राहिली. तिने ओच्यातून दोन काकड्या काढल्या, एक पदराला पुसून माझ्या हातात दिली. कोवळी होती. ऊन चढत होतं, गाडीला अजून अवकाश होता. आम्ही दोघी नदीकडे तोंड करून खात बसलो.